शोधायला सांगितलं होतं कुणी?

मागच्या रविवारी माळा आवरताना एक जुनी हार्ड डिस्क हाती लागली. ४० जीबीची, चांगली जडशीळ. मामाच्या संगणकातली. ती बघितली की मला आजही जरा ओशाळल्यासारखं होतं. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी २००६ मध्ये जावं लागेल आणि मग तिथून आणखी मागे.

मामा मिरजेचा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. मोटेच्या काळातले शब्द गोळा करायचा त्याला नाद. मोट, नाडा, धाव, थारोळं... वापरणारी माणसं गेली की शब्दही जाणार, म्हणून गावोगावच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारून तो वह्या भरत होता. माझी नोकरी तेव्हा नवीन, अंगात उत्साह फार. म्हटलं, "मामा, हे सगळं टाईप करून ठेव. माझा जुना संगणक तुला आणून देतो." २५६ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क. टायपिंगला एवढं पुष्कळ होतं.

सगळं बसवून दिलं. माझ्या कॉलेजच्या हजारो फाइल्स आणि जुनी मेल त्यावर तशीच होती, ती काढायचा कंटाळा केला. मग एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना आपण सगळेच करतो तेच केलं: नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधल्या एका पानावर एक चौकोन होता आणि त्यात आधीच टिचकी मारलेली होती. संगणकावरची कुठलीही फाइल चुटकीसरशी शोधून देऊ, अशा अर्थाचं काहीतरी. मी ती टिचकी काढली नाही. चांगलीच तर सोय होती!

दिवाळीला गेलो तर संगणकावर झाकण आणि मामा पुन्हा वही-पेन घेऊन बसलेला. म्हणाला, "अरे, माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असणार. अक्षर दाबलं की चार सेकंदांनी उमटतं. आत सारखी घरघर चालू असते. म्हटलं, तुझं महागाचं यंत्र आणखी बिघडायला नको."

झाकण काढून बघितलं. शोधाचं ते सॉफ्टवेअर डिस्कवरच्या एकूण एक फाइलची सूची बनवत बसलं होतं. मामा दिवसातून जेमतेम तासभर संगणक लावायचा, त्यामुळे ते काम पुरं होतच नव्हतं. मामाने त्याला एकदाही काही शोधायला सांगितलं नव्हतं. असं काही आत आहे हेही त्याला माहीत नव्हतं. दोष मात्र त्याने स्वतःकडे घेतला होता.

तर मंडळी, आजचा प्रश्न हा. भरपूर रॅम आणि डिस्क खाणारं डेस्कटॉप सर्च संगणकावर आधीपासून बसवलेलं आणि चालू असावं का? वाटतो किरकोळ, पण मोठमोठ्या कंपन्या, सरकारी वकील आणि लिनक्सवाले यांनी यावर वर्षानुवर्षं डोकी फोडली आहेत. आणि तो अजून संपलेला नाही.

आधी सूची म्हणजे काय ते बघू. एखाद्या जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते: 'विहीर – पाने १२, ४७, ९३'. ती असली की अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही. डेस्कटॉप सर्च हेच करतं. सगळ्या फाइल्स एकदा वाचून कुठला शब्द कुठल्या फाइलमध्ये आहे याची यादी करून ठेवतं. मग शोध क्षणात होतो. फरक एवढाच की पुस्तक छापल्यावर बदलत नाही आणि संगणकावरच्या फाइल्स दर मिनिटाला बदलतात. म्हणजे सूची करणारा माणूस कायमचा कामावर ठेवावा लागतो. त्याचा पगार कोणी द्यायचा, ही खरी भानगड.

युनिक्सच्या मंडळींनी याचं एक साधं उत्तर काढलं होतं. १९८३ साली जेम्स वुड्स यांनी फाइल्स भराभर शोधायची एक युक्ती लिहिली, त्यातून पुढे 'लोकेट' ही आज्ञा आली. ती फक्त फाइलींची नावं शोधते, आतला मजकूर नाही. सूची बनवायचं काम 'अपडेटडीबी' नावाचा प्रोग्रॅम रात्री करून ठेवायचा. विद्यापीठातला संगणक चोवीस तास चालू, रात्री दोन वाजता त्यावर कोण बसलंय? खर्च कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

हीच व्यवस्था घरी आली आणि गंमत झाली. घरचा संगणक आपण रात्री बंद करतो, त्यामुळे रात्रीचं काम व्हायचंच नाही. त्यावर लिनक्समध्ये 'अनाक्रॉन' आलं: राहिलेली कामं संगणक सुरू झाल्यावर थोड्या वेळाने उरकून घेणारं. म्हणजे सकाळी तुम्ही घाईत मेल बघायला बसणार आणि नेमकी तेव्हाच डिस्क करकरायला लागणार. यात चूक कुणाचीच नव्हती. 'संगणक रात्री रिकामा असतो' हे गृहीतक विद्यापीठातलं होतं आणि ते तसंच्या तसं आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसलं.

विंडोजच्या जगात हा प्रकार बऱ्याच जणांना ऑफिस ९५ आणि ९७ मधून भेटला. त्यात 'फाइंड फास्ट' नावाचा एक इसम असायचा. ऑफिस बसवलं की तो स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये गुपचूप जाऊन बसे आणि ठराविक वेळाने डिस्क विंचरे. 'संगणक हळू चालतोय' म्हटलं की जाणकार मित्र पहिल्यांदा त्यालाच तिथून उचलून बाहेर टाकत. ॲपलने १९९८ मध्ये मॅक ओएस ८.५ सोबत 'शेरलॉक' आणलं. त्यात मजकुरात शोधायचं तर आधी डिस्कची सूची बनवायला आपण सांगायचं असे. एकाने न विचारता काम सुरू केलं, दुसऱ्याने सांगेपर्यंत वाट बघितली. पुढची पंचवीस वर्षं भांडण याच दोन पद्धतींचं आहे.

मायक्रोसॉफ्टला मात्र हळूहळू शहाणपण आलं असावं. विंडोज एक्सपीमध्ये 'इंडेक्सिंग सर्व्हिस' होती, पण डिफॉल्टने बंद. आणि त्याच वर्षी, २००१ मध्ये, सर्व्हरच्या दुनियेत एक प्रकार घडला. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरबरोबर या इंडेक्सिंगचा एक तुकडा आपोआप बसायचा, 'आयडीक्यू' नावाचा. त्यात एक भोक निघालं. १८ जून २००१ ला दुरुस्ती आली, पण 'आम्ही तर इंडेक्सिंग वापरतच नाही' म्हणणाऱ्यांचे सर्व्हरही धोक्यात होते, कारण ती सेवा चालू असण्याचीही गरज नव्हती, तुकडा नुसता बसलेला असणं पुरेसं होतं. जुलैमध्ये 'कोड रेड' नावाचा किडा त्याच भोकातून शिरला. १९ जुलैला चौदा तासांच्या आत सुमारे ३,५९,००० संगणकांना त्याची लागण झाली. त्यातल्या कितीतरी जणांनी ते इंडेक्सिंग आयुष्यात वापरलं नसेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता २००४. तोवर गुगलने आपल्या सगळ्यांना बिघडवलं होतं. जगभरातलं पान अर्ध्या सेकंदात सापडतं आणि स्वतःच्या संगणकावरचा बायोडेटा सापडत नाही, हे कुणालाही पटेना. ऑक्टोबर २००४ मध्ये 'गुगल डेस्कटॉप सर्च' आलं आणि रान पेटलं. त्याच जुलैत मायक्रोसॉफ्टने 'लुकआउट' नावाचं मेल शोधायचं छोटं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, डिसेंबरात त्यांचंही डेस्कटॉप सर्च चाचणीला आलं. २९ एप्रिल २००५ ला ॲपलने टायगरसोबत 'स्पॉटलाइट' दिलं. लिनक्सवर 'बीगल' आला. बीगल म्हणजे वास काढत हिंडणारा कुत्रा, नाव अगदी समर्पक.

यात स्पॉटलाइटचा वंश बघण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकात 'बीओएस' नावाची एक देखणी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्या फाइल सिस्टिममध्येच फाइलींच्या गुणधर्मांची सूची ठेवायची सोय होती. ती बनवणाऱ्यांपैकी डॉमिनिक जामपाओलो २००२ मध्ये ॲपलकडे गेले आणि स्पॉटलाइटवर काम करू लागले. त्यामुळे टायगरमध्ये फाइल बदलली की कर्नलच शोधयंत्राला कळवायचा, 'अमुक फाइल बदलली, तेवढीच बघ'. सारखी अख्खी डिस्क पालथी घालायची गरज नाही. लिनक्सला ही सोय 'आयनोटिफाय'च्या रूपाने ऑगस्ट २००५ मध्ये, कर्नल २.६.१३ मध्ये मिळाली.

तरीही संगणक हळू का होत होते? इथे थोडं गणित करू. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालेल. :)

त्या काळची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घ्यायची. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी सुईचा हात योग्य रुळावर न्यायला नऊएक मिलिसेकंद. एकूण तेरा. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त पंच्याहत्तर उड्या. एकच मोठी फाइल सलग वाचायची तर हीच डिस्क सेकंदाला चाळीस-पन्नास एमबी द्यायची. पण इथून चार केबी, तिथून चार केबी असं वाचायचं तर पंच्याहत्तर गुणिले चार, म्हणजे ३०० केबी! दीडशे पट फरक. आणि सूची बनवणाऱ्याचं काम नेमकं असंच असतं: हजारो लहान फाइल्स, सगळ्या विखुरलेल्या.

किराणा दुकानातला एकच पोऱ्या डोळ्यासमोर आणा. शेठने त्याला सांगितलंय, 'गिऱ्हाईक नसेल तेव्हा माळ्यावरचा माल मोज.' तुम्ही येऊन किलोभर साखर मागता आणि पोऱ्या शिडीवर. तो खाली येतो, साखर देतो, पुन्हा वर जातो. तेवढ्यात तुम्ही म्हणता, 'अरे, अर्धा किलो गूळ पण दे.' झालं! त्याची शिडी म्हणजे डिस्कचा हात. प्रोसेसर कितीही रिकामा असो, हात एकच असतो. प्रोसेसरच्या बाबतीत 'मी शेवटी, तुमचं आधी' म्हणणं सोपं होतं. डिस्कच्या बाबतीत असा प्राधान्यक्रम लिनक्समध्ये त्याच २.६.१३ मध्ये आला आणि विंडोजमध्ये व्हिस्टाबरोबर.

एवढं होऊनही एक गोम उरत होती. 'संगणक मोकळा असेल तेव्हाच आम्ही काम करू' असं सगळेच सांगायचे. तुम्ही चहाला उठता, शोधयंत्र कामाला लागतं आणि वाचलेल्या फाइल्स मेमरीत भरत सुटतं. मेमरी २५६ एमबी. जागा करायला तुमचा वर्ड प्रोसेसर मेमरीतून बाहेर ढकलला जातो. तुम्ही चहा पिऊन येता, शोधयंत्र शहाण्यासारखं थांबतं, पण तुमचा वर्ड प्रोसेसर आता पुन्हा डिस्कवरून तुकड्यातुकड्याने आणायचा असतो. मामाची 'चार सेकंदांनी उमटणारी अक्षरं' ती हीच.

आता ज्यांनी हे डिफॉल्टने चालू ठेवलं त्यांचं काय झालं ते बघा.

बीगल सी-शार्पमध्ये, मोनोवर लिहिलेला होता. २००६ च्या सुमारास सुसेच्या डेस्कटॉपवर तो आपोआप यायचा. पुष्कळ जण नवीन सिस्टिम टाकल्यावर पहिलं काम कुठलं करायचे? बीगल काढायचं. काही वर्षांत त्याचा विकासच थांबला. उबुंटूने ऑक्टोबर २००७ च्या ७.१० मध्ये 'ट्रॅकर' चालू करून दिला. तो सी मध्ये लिहिलेला, बीगलपेक्षा हलका. तरीही पुढच्याच आवृत्तीत, एप्रिल २००८ च्या ८.०४ मध्ये, त्याचं इंडेक्सिंग डिफॉल्टने बंद केलं. सहा महिन्यांत माघार! केडीईने तर फार मोठं स्वप्न पाहिलं. 'नेपोमुक' नावाचा युरोपीय महासंघाच्या पैशातून २००६ ते २००८ चाललेला संशोधन प्रकल्प त्यांनी डेस्कटॉपमध्ये आणला. शब्दच काय, फाइल कुणी पाठवली, कुठल्या कामाची, कुठल्या माणसाशी संबंधित, हे सगळं संगणकाला कळणार होतं. लोकांना प्रत्यक्षात दिसली ती मेमरी खाणारी 'व्हर्चुओसो' नावाची प्रक्रिया. एप्रिल २०१४ मध्ये नेपोमुकच्या जागी 'बलू' आला (जंगल बुकातल्या अस्वलाचंच नाव!). आधीच्यापेक्षा खूपच सुटसुटीत, पण पहिल्या आवृत्तीत तो बंद करायला सरळ बटणच नव्हतं. आपला होम फोल्डर वगळायच्या यादीत टाकायचा, म्हणजे तो आपोआप बंद. टायगरमधल्या स्पॉटलाइटचीही तीच तऱ्हा, अख्खी डिस्क प्रायव्हसीच्या यादीत टाकायची. 'हे कुणाला नको असेल' ही शक्यताच बनवणाऱ्यांच्या मनात आली नसावी.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे २००७. जानेवारीत व्हिस्टा आली, त्यात शोध डिफॉल्टने चालू. गुगलने अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली की हा शोध बंद करणं अवघड आहे, आणि आमचं डेस्कटॉप सर्चही चालवायचं तर दोन-दोन सूच्यांमुळे संगणक मंदावतो. जून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की सर्व्हिस पॅक १ मध्ये डिफॉल्ट शोध कुठला ठेवायचा ते वापरणाऱ्याला आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीला निवडता येईल. सोबत हेही ठरलं की आमची सूची मागे चालते आणि इतर सॉफ्टवेअरला वाट करून देते, हे मायक्रोसॉफ्ट सगळ्यांना सांगेल. माझ्या मामाचा प्रश्न असा सरकार-दरबारी पोचला म्हणायचा. पण नीट बघितलं तर भांडण 'सूची कोणाची' याचं होतं. 'सूची हवी का' असं तिथे कुणी विचारत नव्हतं.

त्याच ऑक्टोबरात आणखी एक झालं. विंडोज डेस्कटॉप सर्च ३.०१ हे अपडेट म्हणून अनेक कंपन्यांमधल्या संगणकांवर जाऊन बसलं, ॲडमिन लोकांनी मुद्दाम मंजूर न करताच. सकाळी ऑफिसात आले तर सगळीकडे एकदम सूची बनवणं चालू. मायक्रोसॉफ्टने नंतर चूक मान्य केली. फेब्रुवारीतलं जुनं अपडेट नव्या रूपात आलं होतं आणि जुनीच मंजुरी त्याला लागू झाली होती. ज्यांचा पगारच संगणकावर काय बसवायचं हे ठरवण्यासाठी होता, त्यांनाही कुणी विचारलं नाही. मग मामाची काय कथा?

आता दुसरी बाजूही ऐकू, कारण ती कच्ची नाही. बीगल-ट्रॅकरवाले म्हणायचे, जो माणूस फाइल्स नीट फोल्डर करून ठेवतो त्याला शोधाची गरजच कमी. ज्याच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर (१७)' आहे त्याला ती सर्वात जास्त, आणि नेमका तोच कधी सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करणार नाही. डिफॉल्टने बंद म्हणजे ज्याला हवं त्यालाच मिळणार नाही. शिवाय इतर प्रोग्रॅम शोधावर अवलंबून राहू शकत नाहीत. आज फाइल मॅनेजरमध्ये, फोनमध्ये आपण सहज दोन अक्षरं टाईप करतो ते यामुळेच.

काळानेही त्यांना बराच न्याय दिला. एसएसडी आल्या आणि फिरणारी चकती, तो एकटा हात, ते पंच्याहत्तरचं गणित, सगळं निकालात निघालं. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो तुकडे विखुरलेल्या जागांवरून सहज वाचते. गुगल डेस्कटॉप २०११ मध्ये बंद झालं, कारण शोध सिस्टिममध्येच मुरला होता. उबुंटूने हाकललेला ट्रॅकर ग्नोमच्या पोटात रुजला, २०२४ पासून त्याचं नाव 'लोकलसर्च' आहे. माझ्या लॅपटॉपवरही इंडेक्सिंग चालू आहे, मी हा लेख लिहितोय तेव्हाही ते मागे काहीतरी करत असेल. मला पत्ताही लागत नाही.

मग वाद मिटला का? मलाही काही वर्षं तसंच वाटत होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'लिबक्यू' नावाच्या एका लहानशा लायब्ररीत भोक सापडलं. सीडीवरची गाणी कुठे सुरू होतात ते सांगणाऱ्या '.क्यू' फाइल्स ती वाचते. अशी फाइल आजकाल कोण उघडतं? कुणी नाही. पण ग्नोममध्ये एखादी फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडली की ट्रॅकर ती आपणहून वाचतो. म्हणजे एका लिंकवर टिचकी मारा, फाइल उतरेल, तुम्ही ती उघडलीही नाही तरी सूची बनवणारा उघडेल आणि तुमच्या संगणकावर परक्याचा कोड चालेल. भोक लगेच बुजवलं गेलं. पण २००१ चा कोड रेड आठवतोय ना? बावीस वर्षांनी तोच धडा: न वापरलेली सोयसुद्धा दार उघडं ठेवते.

आणि मग २०२४. २० मे ला मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' जाहीर केलं. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढायचा, त्यातला मजकूर वाचायचा आणि सगळं शोधण्याजोगं ठेवायचं. डेस्कटॉप सर्चचाच हा पणतू. त्यासाठी १६ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क आणि वेगळी एआय चिप असलेला संगणक हवा. आणि बेत काय होता? डिफॉल्टने चालू! सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की हा सगळा मजकूर साध्या डेटाबेसमध्ये वाचता येईल असा पडलेला आहे. गदारोळ झाला, ७ जूनला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच चालेल. मग ते लांबणीवर पडलं आणि एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांसाठी आलं, विचारून चालू होणारं. उबुंटूला सहा महिने लागले होते, इथे तीन आठवडेही लागले नाहीत.

एवढा सगळा इतिहास वाचून मला एवढंच दिसतं. खर्च कमी झाला की डिफॉल्टचा प्रश्न संपतो असं आपण समजतो, पण खर्चाचं फक्त चलन बदलतं. २००६ मध्ये तो डिस्कच्या घरघरीत दिसायचा, आज तो खासगीपणात आणि सुरक्षिततेत आहे. घरघर निदान ऐकू तरी यायची!

आणि मामाच्या बाबतीत एक गोष्ट अजून सांगायची राहिली. मामा टाईप करायचा तो जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये. पडद्यावर 'थारोळं' दिसायचं, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा काला असायचा, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा वेष चढवायचा. शोधयंत्राने वाचला तो काला. म्हणजे सूची पुरी झाली असती, मामाने शोधायला घेतलं असतं, अगदी युनिकोडमध्ये 'थारोळं' लिहून शोधलं असतं, तरी त्याची एकही फाइल सापडली नसती. युनिकोडमध्ये टाईप केलं असतं तरी अडचण होतीच. 'विहीर' शोधली तर 'विहिरीत' कसं सापडणार? प्रत्यय लागताच ही दीर्घाची ऱ्हस्व होते, आणि हे माहीत नसलेल्या यंत्राला ते दोन वेगळेच शब्द. म्हणजे मामाने किंमत पुरेपूर मोजली आणि त्या बदल्यात त्याला मिळण्यासारखं काहीच नव्हतं.

डिफॉल्ट ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक वापरणारा असतो. बहुतेकदा तो त्याच्यासारखाच असतो: नवा संगणक, चोवीस तास वीज, इंग्रजी फाइल्स. मामा त्या चित्रात नसतो. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो आणि खरं सांगतो, माझ्याही चित्रात तो नव्हता, माझा सख्खा मामा असून!

म्हणून माझं मत असं. शोध जरूर बसवून द्या. चालू करण्याआधी मात्र एकदा विचारा, आणि योग्य वेळी विचारा. माणूस पहिल्यांदा शोधायला जाईल तेव्हा म्हणा, 'सूची केली तर पुढच्या वेळी लगेच सापडेल, पण आज तासभर संगणक हळू चालेल. करू?' तेव्हा त्याला प्रश्न कळतो, कारण त्याला काहीतरी शोधायचं असतं. चालू झाल्यावर ते चालू आहे हे कुठेतरी दिसू द्या, आणि बंद करायचं बटण बटणासारखं ठेवा. एवढं केलं असतं तर मामाने 'माझ्याच हातून बिघडलं' म्हणून झाकण घातलं नसतं.

त्या दिवाळीला मी ते सॉफ्टवेअर काढलं, संगणक ताबडतोब सुधारला. "बघ मामा, तुझी काही चूक नव्हती," असं म्हटलंही. तो "हो का? बरं झालं," म्हणाला आणि हसला. पण संगणकावर तो पुन्हा फारसा बसला नाही. एकदा भीती बसली ती बसली. वह्या मात्र त्याने पुऱ्या केल्या. शेवटच्या वहीत मागे त्याने स्वतःच्या हाताने अकारविल्हे शब्दसूची केली आहे, वहीचा क्रमांक आणि पान लिहून. त्यात 'विहीर'च्या खाली 'विहिरीवरची कामे – पाहा: मोट' अशी नोंदही आहे.

त्या वह्या आता माझ्याकडे आहेत. दर शनिवारी दहा-बारा पानं युनिकोडमध्ये टाईप करतोय. असो, आजची अजून व्हायची आहेत.